वाटेवरचे वीरगळ रस्त्याच्या भरावात जाऊ देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझ्या आईनं ज्या दगडावर पस्तीस वर्षं धुणं आपटलं, तो दगड गेल्या एप्रिलमध्ये रस्त्याच्या भरावात गेला. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या ओढ्यावर तो पालथा पडलेला असायचा. वरची बाजू सपाट, पाण्यानं आणि साबणानं गुळगुळीत झालेली. ओढ्यावरची मोरी मोठी करायला जेसीबी आला, त्यानं दगड उलटला आणि खालच्या अंगाला ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसला. तो वीरगळ होता, लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. चुलतभावानं मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापुरातून निघून गावात पोचलो, तोवर त्यावर मुरूम पडून रोलर फिरला होता. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, आम्हाला कुणी सांगितलंय व्हय, ह्यो दगूड जुना हाय म्हणून?" त्याचं खरं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण गावात कुणालाच ते माहीत नव्हतं. माझी आई गेली तीही त्याला धुण्याचा दगडच समजून.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षं पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा होतो. ऑइल इंजिनाच्या हेडपासून पंपाच्या केसिंगपर्यंत लाकडी पॅटर्न या हातांनी केले. इतिहासाचा अभ्यास माझ्याकडं नाही. पण एखादा आकार कुठल्या बाजूनं कोरायला घेतला, कुठं हत्यार अडलं आणि कुठं कारागिरानं घाई केली, हे मला दिसतं. फोटोतला तो माणूस एका हातभर दगडात ज्यानं उभा केला होता, त्याचा हात तयारीचा होता. त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या एका गावात हे झालं तर बाकीच्या गावांत काय चाललं असेल, हे बघायचं मी ठरवलं.

दिवाळीनंतर ऊस तुटायला लागला तेव्हा माझी जुनी सीडी हंड्रेड मोटारसायकल काढली. प्लग, केबल, ब्रेकशू बदलून घेतले. पिशवीत एक वही, टेप, बॅटरी, दोन सदरे. घरच्यांनी एकट्यानं जायला विरोध केला, पण सोबत कुणी असलं की प्रत्येक देवळापुढं अर्धा तास थांबता येत नाही. हायवे टाळायचा आणि गावातून गावात जाणारे रस्ते धरायचे, एवढंच ठरवलं होतं. चार दिवसांत साडेचारशेच्या वर किलोमीटर झाले.

वीरगळ म्हणजे काय, हे आधी नीट सांगतो, कारण मलाही ते साठीनंतर कळलं. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. गावासाठी लढताना जो पडला, त्याच्या नावानं उभा केलेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत तो कसा मेला ते असतं. लढाई असते, कधी घोडा असतो. गुरं सोडवताना पडला असेल तर गुरंही कोरलेली असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील. शेजारी कधी सतीचा दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. कोल्हापूर भागात शिलाहारांचं आणि पुढं यादवांचं राज्य होतं, त्या काळातले असे दगड गावोगाव आहेत. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. ज्यांनी उभा केला त्यांना नाव माहीत होतं, त्यांना लिहायची गरज वाटली नसेल.

पहिला मुक्काम करवीर तालुक्यातल्या बीडचा. या गावाचं नाव जाणकारांना ठाऊक आहे. पावसानंतर इथल्या शेतांत जुनी सोन्याची नाणी सापडतात, असं गावात कुणीही सांगतं. मी गेलो होतो वीरगळ बघायला. कल्लेश्वराच्या देवळाच्या परिसरात ते एकत्र बघायला मिळतात, म्हणून शिकायला हीच जागा बरी. मी तिथं तीन तास होतो. सकाळचं ऊन तिरकं असतं तोवर कोरीव काम उठून दिसतं. ऊन डोक्यावर आलं की तोच दगड सपाट वाटायला लागतो. पुढं जिथं सावली होती तिथं मी बॅटरी दगडाच्या कडेला आडवी धरून बघितलं. खडूनं घासू नका, पीठ लावू नका, पाणी मारू नका; कडेनं उजेड टाका, सगळं दिसतं. उद्यमनगरात कास्टिंगवरची बारीक चीर आम्ही अशीच शोधायचो.

राधानगरीवरून मुदाळतिट्टा आणि तिथून गारगोटी. राधानगरीच्या घनदाट झाडीबद्दल आणि शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या धरणाबद्दल खूप लिहून झालं आहे, मी ते ओलांडून पुढं गेलो. गारगोटीत मात्र थांबलो. १३ डिसेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सातजण हुतात्मा झाले. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला आलो की ते या जागेपुढं चप्पल काढून उभे राहायचे. त्या सातांची नावं कोरलेली आहेत आणि शाळेतल्या पोरांना ती पाठ आहेत. मी ती वाचली आणि ओढ्यावरचा दगड आठवला. त्यावरचा वीरही कुणाच्या तरी वाड्यासाठी किंवा गुरांसाठी लढताना असाच पडला असेल, आणि त्याच्या घरच्यांनी पदरचं धान्य पाथरवटाला देऊन तो दगड कोरून घेतला असेल. सातशे-आठशे वर्षं तो टिकला. पावसानं, पुरानं त्याला काही केलं नाही. एका दुपारी रोलरनं केलं.

पेठ शिवापूरवरून भुदरगडावर गेलो. भैरवनाथाला नमस्कार केला, दूधसागर तळ्याच्या काठावर भाकरी खाल्ली. खाली उतरताना पायथ्याच्या बाजूच्या एका वाडीत (गावांची नावं मी मुद्दाम देत नाही, मूर्तिचोरांना पत्ता मिळायला नको) चावडीपुढं नवा ओटा बांधलेला दिसला. पांढऱ्या टाइल्स, मध्ये तीन वीरगळ सिमेंटमध्ये उभे केलेले. गावानं वर्गणी काढून, मनापासून केलेलं काम. पण दगड उभे राहावेत म्हणून त्यांचा खालचा हातभर भाग काँक्रीटमध्ये गाडलेला. म्हणजे खालची चौकट गेली. वर अप्सरा आहेत, शिवलिंग आहे, चंद्र-सूर्य आहेत, पण माणूस कशासाठी मेला ते सिमेंटखाली. एका दगडाच्या कडेला घोड्याचे कान तेवढे वर राहिले होते. मी तिथल्या एका वयस्कर माणसाला ते दाखवलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमी त्येला बसवायला गेलू आन् त्येचं पायच कापलं की ओ."

दुसरं दुखणं ऑइलपेंटचं. चार दिवसांत माझ्या वहीत ४१ दगडांची नोंद झाली, त्यांतल्या कितीतरी दगडांवर चकचकीत रंग होता. निळं अंग, पिवळी ढाल, लाल जीभ. रंगाचे थर वर्षाला एक असे चढत जातात आणि कोरीव रेघ भरून जाते. पॅटर्नवर पुटीचे दोन हात जास्त झाले तर माप बिघडतं. इथं तर नाक-डोळेच बुजतात. शेंदराचं मात्र मी वेगळं मानतो. शेंदूर लावणाऱ्याच्या मनात भाव असतो, आणि मी बघितलं की ज्या दगडाला शेंदूर आहे तो दगड कुणी हलवलेला नाही. ज्याला कुणी देव म्हटलं नाही, तोच पायरीला लागला, गोठ्यात दावणीला लागला, शौचालयाच्या पायात गेला. म्हणून लोकांची पूजा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त डबा आणि ब्रश नको. आणि आधी लावलेला रंग काढायला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ॲसिड तर अजिबात नको. ते काम जाणकारांचं आहे. उत्साही मंडळांनी हे कृपया ऐकावं.

गारगोटीहून उत्तूरकडं जाताना चेनलॉक निसटलं. संध्याकाळ झालेली, समोरून उसाच्या ट्रॉल्या, एकीलाही मागं रिफ्लेक्टर नाही. गाडी ढकलत दीड किलोमीटर गेलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं. विशीतला मुलगा, हात काळे, मोबाइलवर भजन चालू. त्यानं लॉक टाकलं, चेन ताणून दिली, पैसे घ्यायला तयार नाही. "कुठनं आलासा, कुठं चाललासा?" सगळं विचारून घेतलं. मी वही दाखवली, तसा तो उठला आणि मला शेडच्या मागं घेऊन गेला. तिथं जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून एक दगड उभा होता. शेजारच्या रानात नांगराला लागला, मालक फोडून बांधाला टाकणार होता, यानं ट्रॅक्टरनं ओढून आणून ठेवला. "काका, ह्यात बाई हाय वाटतं, बांगड्या दिसत्यात." बॅटरी कडेनं धरली. वाकलेला हात, कोपरापर्यंत चुडा, खाली जोडपं बसलेलं. सतीशिळा. त्या पोरानं तोवर तिच्यापुढं रोज उदबत्ती लावायला सुरुवात केली होती आणि ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, ग्रामपंचायतीला अर्ज दे, तहसीलदाराला एक प्रत दे, नाहीतर उद्या तुझ्यावरच नाव येईल. शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. जमिनीत जुनं काही सापडलं तर कळवायचं असतं हे गावात बहुतेकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते कळवत नाहीत, कारण जमीन सरकार घेईल अशी भीती असते. एक दगड सापडला म्हणून कुणाचं शेत गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ही भीती तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी गावात बसून काढायला हवी.

गडहिंग्लजला मेव्हण्यांकडं मुक्काम करून सकाळी सामानगड. १८४४ मध्ये इथल्या गडकऱ्यांनी बंड केलं, ते भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरलं, आणि इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी पाडला. सामानगडावरची सात कमानींची विहीर ज्यांनी बघितली नसेल त्यांनी जरूर जावं. खडकात उतरत गेलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक कमानी. मी तिथं टेप काढलाच नाही, नुसता बसून राहिलो.

मग नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती खिंड. स्मारक आहे, सहली येतात, त्या दिवशीही एका शाळेची पोरं आली होती आणि त्यांचे गुरुजी हुंदका आवरत सांगत होते. तिथून थोड्या अंतरावर एका गावच्या मारुतीपुढं मला वीरगळ दिसला. खालच्या चौकटीत घोड्यावर एकटा स्वार आणि समोर तिघे पायदळ. प्रतापरावांच्या कितीतरी आधीचा. मी परत खिंडीत गेलो आणि त्या गुरुजींना म्हटलं, पोरांना जाता जाता तिथं पाच मिनिटं थांबवा. त्यांनी बस थांबवली. पोरं दगडाभोवती गोळा झाली आणि एका मुलीनं विचारलं, "ह्यांचं नाव काय?" गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मला सांगता आलं नाही.

चंदगडवरून पारगडला गेलो ते याच प्रश्नासाठी. तिथं तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा किल्लेदार होते आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. तिथं कुणी पूर्वजाचं नाव विचारलं तर पोरगं पटकन सांगतं. पिढ्यांनी सांभाळलं म्हणून ते टिकलं. वीरगळांची ती साखळी तुटली आहे, आता दगड तेवढा उरला आहे. तोही गेला तर काहीच उरणार नाही.

परतीला निपाणीवरून आडरस्त्यानं दत्तवाड, कुरुंदवाड करत खिद्रापूर. कोपेश्वराचं मंदिर मी आयुष्यात पाच-सहा वेळा बघितलं असेल, पण या वेळी मंडपाखाली आडवा झालो. छताला मोठा गोल झरोका, त्यातून आभाळ. खाली तेवढाच गोल दगड. अठ्ठेचाळीस खांब, सगळे एका मापात बसलेले, बाहेर देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग. आमच्या धंद्यात जॉब मापात बसला की उस्ताद बोटानं टिचकी मारून बघायचा. मला एका खांबाला ती मारावीशी वाटली, पण हात आवरला. शिलाहारांनी उभं केलेल्या या देवळाच्या दक्षिण दाराशी यादव सिंघणाचा देवनागरी लेख आहे. त्याच सिंघणानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला शिलाहारांचं राज्य संपवलं. राजांच्या लढायांचे असे लेख राहिले. त्या लढायांत गावागावांतून जे गेले, त्यांचे वीरगळ राहिले. मंदिराची देखभाल होते, पहारा आहे, फलक आहे. तिथून निघून पाचव्या की सहाव्या गावात एसटीच्या थांब्यामागं एका वीरगळावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं होतं. मी ते ओलं करून हातानं काढलं. एक दुकानदार मदतीला आला, त्यानं आतून बादली आणून दिली.

११ जुलै २०२५ ला पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा कोल्हापुरात साखर वाटली, मीही वाटली. आता गडासाठी पैसा येईल, माणसं येतील, ते व्हायलाच हवं. माझी मागणी त्याहून फार लहान आणि जवळजवळ बिनपैशाची आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. हद्दीतला प्रत्येक वीरगळ, सतीशिळा, लेख असलेला दगड, जुनी विहीर. फोटो, लांबी-रुंदी, कुठं आहे, कोणत्या दिशेला तोंड आहे, गावात त्याला काय म्हणतात. शाळेची सातवी-आठवीची मुलं आठ दिवसांत हे काम करतील, त्यांना टेप धरायला मी शिकवीन. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी, म्हणजे गावाला कळेल आपल्याकडं काय आहे. आणि रस्ता, मोरी, गटार, सभामंडप यांचं काम निघालं की कागद मंजूर होण्याआधी अभियंत्यानं ती वही मागावी, सरपंच आणि तलाठ्याबरोबर एकदा वाटेनं चालत जावं. दगड हलवावाच लागला तर पंचनामा करून, जागेची नोंद ठेवून हलवावा आणि उभा करताना खालची चौकट उघडी ठेवावी. सिमेंट लावूच नये, मागून आधार द्यावा. मुकादमाला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगावं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं दगड बाजूला ठेवला असता, हे मी त्याच्या तोंडावर बघितलं आहे.

माझ्या वहीतल्या ४१ नोंदी मी उतरवून काढतो आहे. पत्रकार, शिक्षक, सरपंच, अधिकारी, ज्यांना त्यांच्या गावापुरती प्रत हवी असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात सांगावं, मी स्वतः आणून देईन. तसंच आपल्या वाचकांनी आपापल्या गावचे दगड कळवले आणि आपण आठवड्यातून एकदा एका दगडाचा फोटो छापलात, तर फार मोठं काम होईल. फक्त ठिकाण सांगताना तालुक्यापर्यंतच थांबावं.

उत्तूरच्या बाजूच्या त्या गॅरेजवाल्या मुलानं परवा फोन केला होता. त्याच्या गावचा रस्ता होळीनंतर रुंद होणार आहे आणि खुणेचे खुंट मारून झालेत. एक खुंट म्हसोबाच्या दोन वीरगळांच्या मधोमध पडला आहे. त्यानं सरपंचांना अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. येत्या रविवारी मी टेप घेऊन तिकडं निघालो आहे. त्या भागातलं कुणी हे पत्र वाचत असेल तर सकाळी नऊला म्हसोबाच्या पिंपळाखाली यावं.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
राजारामपुरी, कोल्हापूर